घाटावर बसलेला माणूस कुणाचा?

ऑक्टोबरची १० तारीख जवळ आली की आपल्या कॉरिडॉरमध्ये हिरव्या रिबिनीची पोस्टरं लागतात. जागतिक मानसिक आरोग्य दिन. कुणीतरी श्वासाचे व्यायाम शिकवायला येतं, सेल्फी पॉइंट उभा राहतो, परीक्षेचा ताण, झोप आणि मोबाइल यांवर तासभर भाषण होतं, मग समोसे. यात वाईट काहीच नाही. दोन वर्षं त्या पोस्टरांचं शुद्धलेखन मीच तपासलंय. पण पोस्टरवरचा माणूस नेहमी आपल्यासारखाच असतो. टेबलावर डोकं टेकलेलं, कपडे नीट, बाजूला कॉफीचा मग. त्याला ताण असतो, फार तर उदास वाटतं. त्याला कधी आवाज ऐकू येत नाहीत. तो महिनाभर आंघोळ न केलेला नसतो. 'मानसिक आरोग्य' हा शब्द आपण हौसेने उचलला आणि 'मानसिक आजार' हा शब्द अलगद खाली ठेवून दिला, असं माझं मत आहे. राम घाटावर ते पक्कं झालं.

उज्जैनला मी मागच्या वर्षी कालिदास समारोहासाठी गेले होते, वर्गातल्या मैत्रिणीबरोबर. तिची मावशी तिथे राहते. घरात अजून मराठीच बोलतात, फक्त मधूनमधून एखादं 'अपन' डोकावतं. एका संध्याकाळी मावशी आम्हाला क्षिप्रेवर घेऊन गेल्या. ज्यांनी राम घाट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: हरसिद्धीच्या देवळापासून चालत जाता येतं, रुंद पायऱ्या, समोरच्या काठावर दत्त आखाडा, तिन्हीसांजेला आरती आणि पाण्यावर सोडलेले दिवे. रामाने इथे दशरथाचं श्राद्ध केलं म्हणून हा राम घाट, असं सांगतात. त्यामुळे पितरांचे विधी करायला लोक लांबून येतात. पंड्यांकडे वह्या असतात. आपण गाव आणि आडनाव सांगायचं, पंडा वही उलगडतो आणि आपले पणजोबा कधी येऊन गेले ते वाचून दाखवतो. माझं नाव त्या वहीत असण्याचा प्रश्नच नाही, पण माणूस कुणाचा, कुठला, हे पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवायची ही रीत मला फार आवडली. आमच्या देवळातल्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरसारखीच. (वसईत आम्ही चर्चला देऊळच म्हणतो.)

या वह्यांपासून वीस-पंचवीस पावलांवर एक माणूस बसला होता. तिशीतला असावा. फार थंडी नसताना अंगात दोन स्वेटर, केसांच्या जटा झालेल्या. येणारे-जाणारे त्याच्यापुढे नाणं टाकत होते. एका बाईंनी वाकून पायाला हात लावला. फुलवाली म्हणाली, "बाबाजी हैं, किसी को कुछ नहीं करते." तो स्वतःशीच एका लयीत काहीतरी म्हणत होता, लांबून मंत्र वाटावा असं. जवळ गेल्यावर शब्द कळले. वाणगाव, बोईसर, उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे, वैतरणा, विरार. की पुन्हा वाणगाव.

डहाणूहून विरारला येणाऱ्या गाडीची ही स्टेशनं. क्रम अगदी बरोबर. रोज त्या गाडीत उभं राहून प्रवास केल्याशिवाय ही यादी अशी तोंडात बसत नाही.

मी दोन पायऱ्या वर बसून विचारलं, "दादा, पालघरचे का?" यादी थांबली. त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "गाडी लेट आहे," आणि पुन्हा सुरू. मावशींनी घरी काकांना फोन केला, काकांनी पोलिसांना. पोलीस आले तोवर आरती सुरू झाली होती आणि त्या गर्दीत तो उठून कुठेतरी गेला होता. एवढंच घडलं, पुढची गोष्ट माझ्याकडे नाही. त्याला नेमका कुठला आजार होता हेही मी सांगू शकत नाही, ते डॉक्टरांचं काम. मुंबईहून उज्जैनला येणारी अवंतिका एक्सप्रेस आमच्याच रुळांवरून येते, इतकं मात्र मला माहीत आहे.

अशा माणसाला हाक मारायला आपल्याकडे दोनच शब्द आहेत. एक 'वेडा', दुसरा 'अवलिया' किंवा 'बाबाजी'. पहिल्याला दगड मिळतो, दुसऱ्याला नाणं. डॉक्टर दोघांनाही मिळत नाही. पायाला हात लावणारी बाई दगड मारणाऱ्या पोरांपेक्षा बरी, हे कबूल. पण नमस्कार करून पुढे जाणं म्हणजेही पुढे जाणंच.

आपण साहित्याचे विद्यार्थी, तेव्हा शब्दांवर जरा थांबते. मराठीत 'वेड' गोड आहे. कुणी वेड लावतं, कुणी गाण्यासाठी वेडं होतं, आई लाडाने 'वेडाबाई' म्हणते. आणि त्याच तोंडाने आपण 'याला ठाण्याला पाठवा' म्हणून हसतो, पुण्याकडचे 'येरवड्याला' म्हणतात. मावशींनी सांगितलं, "आमच्याकडे आग्रा म्हणतात." ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, म्हणजे हा विनोदही शंभरी गाठलेला असणार. दुसरीकडे स्किझोफ्रेनियासाठी पुस्तकी शब्द आहे 'छिन्नमनस्कता'. ऐकताच वाटतं की एका माणसात दोन माणसं. सिनेमांनीही तेच दाखवलं. प्रत्यक्षात या आजाराचा दुहेरी व्यक्तिमत्त्वाशी संबंध नाही. नसलेले आवाज ऐकू येणं, कुणीतरी आपल्या मागावर आहे अशी पक्की खात्री वाटणं, विचारांचा धागा तुटत जाणं, हळूहळू आंघोळ, जेवण, बोलणं यातला रस जाणं, अशी त्याची लक्षणं असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात साधारण दर ३०० माणसांत एकाला हा आजार आहे, आणि त्यातला निदान तिसरा हिस्सा पूर्ण बरा होऊ शकतो. सुरुवात बहुतेकदा पौगंडावस्थेच्या शेवटाला किंवा विशीत होते. म्हणजे आपल्या वयात. आपल्या बाकांवर.

माझ्या मामाची झाली तशी. हे त्याला विचारून लिहिते आहे. तो बावीस वर्षांचा होता, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. आधी मित्र सुटले, मग झोप गेली, मग तो म्हणायला लागला की शेजारचे लोक रेडिओवरून त्याच्याबद्दल बोलतात. घरात सगळ्यांना वाटलं नजर लागली. वर्षभर प्रार्थना, नोव्हेना, रिट्रीट. शेवटी आमच्या धर्मग्रामातल्या फादरांनीच आजीला बाजूला घेऊन सांगितलं की प्रार्थना मी करतो, तुम्ही याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. औषधांनी दोन महिन्यांत फरक दिसला. पुढे बरं वाटतंय म्हणून त्याने गोळ्या बंद केल्या (या आजारात हे फार जण करतात, आणि आजार परत उलटतो), आणि एके दिवशी घरातून निघून गेला. तिसऱ्या दिवशी सुरत स्टेशनवर सापडला. खिशात बँकेचं पासबुक होतं, त्यावर पत्ता होता, म्हणून सापडला. आज तो शेहेचाळीसचा आहे, वाडीतली केळी आणि चाफा बघतो, पहाटेच्या गाडीने फुलं दादरला नेतो. आजीचा नियम अजून तोच आहे: "रोजरी आणि गोळी, दोन्ही रात्रीच." पासबुक घरी राहिलं असतं तर तो कुठल्या घाटावर बसला असता, हे मला राम घाटावरून परत येताना सारखं वाटत होतं.

आता आपलं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात अठरा वर्षांवरच्या दर १०० माणसांत दहा-अकरा जणांना काही ना काही मानसिक विकार आढळला, आणि त्यांतल्या बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. म्हणजे वर्गात ६० जण असतील तर हिशेब तुम्हीच करा. त्यातले बहुतेक नैराश्य, चिंता, व्यसन असेच आजार, आणि ते काही हलके नव्हेत. पण एक सोय म्हणून आपण 'मला आज डिप्रेशन आलंय' असं पाऊस पडल्यावर म्हणतो, तेव्हा ज्याला खरंच दोन आठवडे बिछान्यातून उठवत नाही त्याचा शब्द आपण वापरून झिजवतो. दिवसाचा मूड आणि आठवडे टिकणारा, झोप-भूक-अभ्यास-अंघोळ सगळं खाणारा आजार यांत फरक आहे. तो फरक ओळखता आला तर अर्धं काम झालं.

काळजी घेण्याबद्दल मी डॉक्टरी सल्ले देणार नाही, पण दोन गोष्टी पोस्टरवर नसतात म्हणून सांगते. पहिली झोपेची. सबमिशनच्या आठवड्यात सलग जागरण करण्याचा आपल्याला अभिमान असतो. ज्याला आधी आजार होऊन गेलाय किंवा ज्याच्या घरात आहे, त्याच्यासाठी झोप जाणं ही नुसती थकवा आणणारी गोष्ट नाही, ती पहिली घंटा असू शकते. दुसरी गांजाची. 'तो तर नैसर्गिक आहे' हे वाक्य मी कॅन्टीनमागे कितीदा ऐकलंय. कोवळ्या वयात आणि वरचेवर गांजा ओढण्याने भास-भ्रमाच्या आजारांचा धोका वाढतो, घरात आजाराचा इतिहास असेल तर जास्तच, हे आता पुरेसं सिद्ध झालेलं आहे. मी एकदा हे बोलले तर मला 'सिस्टर' नाव पडलं. पडू दे.

आणि मित्र-मैत्रीण विचित्र बोलायला लागली तर? 'सगळं तुझ्या मनाचे खेळ' असं म्हणू नका, त्याला ते आवाज खरोखर ऐकू येत असतात. त्याच्या भ्रमाला होला होही करू नका. शेवटचं नीट झोपलास कधी, जेवलास का, हे विचारा, आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत जा. जीव द्यावासा वाटतोय का, हेही सरळ विचारायला घाबरू नका, विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर १४४१६, २४ तास, फुकट, मराठीतही. २०२२ च्या त्याच १० ऑक्टोबरला ती सुरू झाली. पोस्टरवर समोश्यांच्या प्रायोजकापेक्षा हा नंबर मोठा छापा, एवढी माझी मंडळाला विनंती.

घाटावरच्या माणसाकडे परत यायला हवं, कारण त्याच्यासाठी काही करता येतं हे सिद्ध करणारी माणसं आपल्या शेजारीच आहेत. मुंबईतले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांना एका हॉटेलातून रस्त्यापलीकडे एक मळकट तरुण दिसला. नारळाच्या करवंटीने तो गटाराचं पाणी पीत होता. दोघांनी त्याला आपल्या दवाखान्यात नेलं. बरा झाल्यावर कळलं की तो बी.एस्सी. झालेला आहे, प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा डिप्लोमा केलेला, घर आंध्रात. यातून १९८८ साली 'श्रद्धा' संस्था उभी राहिली, २००६ साली कर्जतला केंद्र झालं आणि २०१८ साली डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तोवर सात हजारांहून जास्त माणसं बरी करून त्यांनी घरी पोचवली होती. पद्धत ऐकायला साधी आहे: उचलायचं, आंघोळ-जेवण-औषध द्यायचं, थोडं भान आलं की गाव विचारायचं, आणि कुणीतरी सोबत जाऊन घरी सोडायचं. त्या मधल्या पायरीला भाषा लागते. माणूस कुठल्या बोलीत पाणी मागतो यावरून त्याचा जिल्हा कळतो. भाषेच्या विद्यार्थ्यांना असं काम असू शकतं, हे आम्हाला कुठल्या करिअर गायडन्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

घरच्यांसाठीही वाट काढणारी माणसं आहेत. मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅल्गरीला संख्याशास्त्र शिकवणारे जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांनी पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी केली, जिथे रुग्णांचे नातेवाईक एकमेकांशी बोलू शकतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) हा चित्रपटही त्यांच्या पुढाकारातून झाला. बघितला नसेल तर बघा, अतुल कुलकर्णीसाठी नाही, सोनाली कुलकर्णीने केलेल्या बहिणीसाठी. आजारी माणसाच्या घरातल्यांची दमणूक मराठीत इतक्या खरेपणाने क्वचित आली आहे.

मग माणसं तीर्थक्षेत्रीच का सापडतात? घरातून निघालेला माणूस गाडीत बसतो आणि गाड्या तीर्थांना जातात, हे एक. अन्नछत्र असतं, कुणी हाकलत नाही, हे दुसरं. तिसरं कारण बोलायला जड आहे: काहींना तिथे आणून सोडलं जातं. देव बघेल, म्हणून. हे कुठल्या एका धर्माचं दुखणं नाही. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ ६ ऑगस्ट २००१ रोजी अशा एका खासगी निवाऱ्याला आग लागली. साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं पळता न आल्याने मेली. आमच्याकडेही भूत काढून घ्यायला माणसं रांगेत बसवलेली मी पाहिली आहेत. श्रद्धेने माणसाला धीर मिळतो, आजीला मिळालाच, पण श्रद्धेच्या नावाखाली गोळी थांबवणारा मग तो बुवा असो, बाबा असो की ब्रदर, तो त्या माणसाला घाटाच्या दिशेने ढकलतो आहे.

तीर्थक्षेत्रानेच वेगळी वाट काढल्याचं उदाहरणही आहे, आणि ते आमच्याच परंपरेतलं आहे याचा मला आनंद आहे. बेल्जियममधलं खेल हे गाव. मनोरुग्णांची आश्रयदाती मानली जाणारी संत डिम्फ्ना हिचं देऊळ तिथे आहे. मध्ययुगात लोक आपल्या आजारी माणसांना नवसाला घेऊन यायचे. देवळातली जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना घरात ठेवून घ्यायला सुरुवात केली. शेतात कामाला न्यायचे, ताटावर बरोबर बसवायचे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या घरांमध्ये असे साडेतीन हजारांहून जास्त पाहुणे राहत होते. आज काही शेच उरलेत, पण रीत मोडलेली नाही, आणि पाठीशी डॉक्टर आणि रुग्णालय आहे. आपल्याकडे तेराव्या शतकातल्या रिद्धपूरची आठवण होते. म्हाइंभटांच्या गोविंदप्रभुचरित्रातले गोविंदप्रभू जगाला वेडे वाटावेत असे वागतात, कुणाच्याही घरात शिरतात, हवं ते खातात, आणि गाव त्यांना जेवू घालतं, सांभाळतं. महानुभावांसाठी तो ईश्वराचा अवतार आहे, तिथे आजाराची भाषा मी आणणार नाही. मला फक्त ते गाव बघायचंय. मराठी गद्याच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकात असं गाव आहे, आणि अभ्यासक्रमात आपण त्यातल्या विभक्तिप्रत्ययांवर पाच मार्कांची टीप लिहितो.

उज्जैनहून आल्यावर मी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा काढून वाचला. त्याच्या १०० व्या कलमात राम घाटावरचाच माणूस आहे. आजारी दिसणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा कुणी भटकताना आढळला तर त्याला संरक्षणात घेणं हे त्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे. कोठडीत ठेवायचं नाही. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला न्यायचं. त्याच्या घरच्यांचा शोध घ्यायचा. साखळीने बांधण्यावर ९५ व्या कलमाने बंदी आहे. ११५ वं कलम म्हणतं की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. (आमच्या चर्चच्या कायद्याने आत्महत्या केलेल्यांना अंत्यविधी नाकारण्याचा जुना नियम १९८३ साली काढला. सरकारला नावं ठेवताना हेही आठवलेलं बरं.) कायदा चांगला आहे. तो घाटावरच्या फुलवालीला, नावाड्याला, पंड्याला आणि आपल्याला माहीत नाही, एवढीच अडचण. पोलिसांना फोन करताना 'एक पागल बैठा है' याऐवजी 'कलम १०० खालचा माणूस आहे' असं म्हणता आलं तर ऐकणाऱ्याला ते कर्तव्य म्हणून ऐकू येईल.

२०२८ साली उज्जैनला पुन्हा सिंहस्थ आहे. मागचा २०१६ ला झाला, २२ एप्रिल ते २१ मे. घाट लांबवणं, रस्ते, पूल, गर्दीचा हिशेब, याची तयारी आत्तापासूनच चालू असते. इतकी माणसं येणार म्हणजे हरवलेल्यांची केंद्रं असणारच, आणि तिथे लाउडस्पीकरवरून नावं पुकारली जाणार. ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही, त्याच्यासाठी त्या केंद्रात एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दहा-बारा भाषा जाणणारे स्वयंसेवक बसवता येतील. मैत्रिणीच्या काकांनी तिथल्या प्रशासनाला तसं पत्र लिहायचं ठरवलंय, मसुदा मी आणि मैत्रीण करतोय, मराठी-हिंदी दोन्हींत. मंडळातल्या ज्यांना सही करायची असेल त्यांनी गुरुवारच्या बैठकीला मला भेटा. गुजराती, कोकणी, अहिराणी येणाऱ्यांनी आपली नावंही द्यावीत. डहाणू-विरारची स्टेशनं ओळखणारी मी एक आहेच.